खाँसाहेबांचा गळा

२०१५ची भाऊबीज. ओवाळून झालं होतं, फराळाची ताटं मांडली होती आणि दादा तिकिटं काढून आला होता. 'कट्यार काळजात घुसली' आदल्या दिवशी, पाडव्याला, लागला होता. त्याच दिवशी सलमान खानचा 'प्रेम रतन धन पायो'ही लागलेला, त्यामुळे मराठी चित्रपटाची सहा तिकिटं एका रांगेत मिळाली याचाच दादाला केवढा आनंद. आत्याने हातातली चकली ताटात परत ठेवली.

"मी येणार नाही. आपल्या सुधाला खाँसाहेब झालेलं मला बघवणार नाही."

सुधा म्हणजे 'अशी ही बनवाबनवी'तली. १९८८ सालच्या त्या चित्रपटात सचिन पिळगावकर साडी नेसून सुधा झाले होते आणि तो चित्रपट आमच्या घरात इतक्या वेळा बघितला गेलाय की लहान पोरांनाही संवाद पाठ आहेत. आत्याचाही तो अतिशय आवडता. तिचा राग सचिनवर नव्हताच. तिने वसंतराव देशपांड्यांना खाँसाहेब म्हणून रंगमंचावर पाहिलं होतं, एकदा नव्हे, तीनदा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती कॉलेजात होती आणि परत येताना एस.टी.त कुणीही एकमेकांशी बोललं नाही, हे तिने आम्हाला लहानपणापासून सांगितलंय.

शेवटी ती आली. आईने समजूत घातली म्हणून आली, पण वाटेत एक शब्द बोलली नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मूळ नाटक नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं. डिसेंबर १९६७मध्ये पहिला प्रयोग झाला. खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले म्हणजे वसंतराव, पंडित भानुशंकर म्हणजे भार्गवराम आचरेकर, सदाशिव म्हणजे प्रसाद सावकार, खाँसाहेबांची मुलगी झरीना म्हणजे फैयाज. हे सगळे रंगमंचावर उभे राहून स्वतः गायचे. दोन घराण्यांचं वैर, राजगायकाला मिळणारी कट्यार, त्या कट्यारीसोबत एक खून माफ, आणि ज्याच्याशी वैर त्याच्याच हवेलीत गाणं शिकायला आलेला मुलगा सदाशिव, एवढी गोष्ट.

चित्रपटात दिग्दर्शन सुबोध भावेंचं आणि सदाशिवही तेच. खाँसाहेब सचिन, पंडितजी शंकर महादेवन, त्यांची मुलगी उमा मृण्मयी देशपांडे, झरीना अमृता खानविलकर. खाँसाहेबांसाठी गळा राहुल देशपांड्यांचा, म्हणजे वसंतरावांच्या नातवाचा. सदाशिवासाठी महेश काळेंचा. इथेच आमच्या घरातलं भांडण सुरू झालं आणि खरं सांगायचं तर ते अजून सुरू आहे. पडद्यावरच्या या निवडी बरोबर होत्या की चुकल्या?

माझं मत सांगण्याआधी मी कुठून बघते ते सांगायला हवं, कारण प्रत्येक जण आपापल्या जागेवरूनच नाटक बघतो. माझे वडील, नाना, हौशी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. मिरजेत, सांगलीत, कधी राज्य नाट्य स्पर्धेसाठी बाहेरगावी. मी पेटी त्यांच्याकडेच शिकले आणि आता घरी मुलांना शिकवते. नानांनी मला बोटं नंतर शिकवली, आधी डोळे शिकवले. ते म्हणायचे, गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नकोस, गळ्याच्या खड्ड्याकडे बघ. दोन हाडांच्या मधे जो खड्डा असतो ना, तो आत गेला की समजायचं श्वास घेतला. त्याच्याबरोबर आपला भाता भरायचा. त्याची तान किती लांब जाणार हे त्या खड्ड्यावरून कळतं, आणि तेवढी हवा आपल्या भात्यात नसेल तर सूर मधेच लटकतो. मी दहा वर्षांची असताना विंगेत नानांच्या शेजारी पाटावर बसून हेच बघत असायचे. प्रेक्षकांना नट दिसायचा, मला घामाने चमकणारा एक गळा दिसायचा.

म्हणून २०१०मध्ये राहुल देशपांडे आणि महेश काळे यांना घेऊन हे नाटक पुन्हा रंगमंचावर आलं तेव्हा दादाकडे पुण्याला जाऊन मी ते तिसऱ्या रांगेतून पाहिलं. सुबोध भावेंनीच बसवलेलं ते नाटक. राहुल तेव्हा तिशीचे. दाढी लावलेली, अंगावर अंगरखा. चेहरा तरुण आहे हे पहिली पाच मिनिटं जाणवलं, नाही असं नाही. पण मग 'तेजोनिधी लोहगोल' सुरू झालं आणि मी आपोआप गळ्याच्या खड्ड्याकडे बघायला लागले. खड्डा आत गेला, खांदे किंचित वर आले, मान डावीकडे कलली, आणि तान सुटली. ती वर गेली, तिथे संपेल असं वाटलं आणि तिथून ती आणखी एक पायरी चढली. माझा डावा हात मांडीवर आपोआप दाबला गेला, जसा काही मीच भाता भरतेय. हवा संपत आली होती, कपाळाची शीर दिसत होती, आणि समेवर आल्यावर त्यांनी जो श्वास घेतला तो मला तिसऱ्या रांगेत ऐकू आला. त्या श्वासात खाँसाहेबांचा सगळा हट्ट होता. वय कुठल्या कुठे गेलं.

तर असं बघून आलेली मी, आणि माझ्या शेजारी वसंतरावांना बघून आलेली आत्या, अशा आम्ही दोघी चित्रपटगृहात शेजारी बसलो.

आत्याच्या दृष्टीने पहिला धक्का सुखाचा होता. शंकर महादेवन. गायक म्हणून माणूस ठाऊक होता, नट म्हणून कुणालाच नव्हता, मोठी भूमिका अशी ही पहिलीच. मराठी बोलताना कुठे अडखळणार, अशी आम्हाला धास्ती होती. पण ते गायला बसले आणि आत्या पुढे सरकून बसली. 'सूर निरागस हो' म्हणताना त्यांचे डोळे अर्धे मिटलेले असतात आणि गळा, ओठ, हात सगळं एकाच वेळी एकाच कामात असतं. ते गाताना मी खड्ड्याकडे बघितलं. श्वास होता. त्या चित्रपटात मुख्य पुरुष पात्रांपैकी ज्याचा चेहरा त्याचाच गळा, असे ते एकटेच. आणि कथेत आवाज जातो तोही त्यांचाच! पंडितजींना शेंदूर खायला घातला जातो, गळा जातो आणि ज्या एका माणसाला आपण खरोखर गाताना पाहिलं तो गप्प होतो. मध्यंतरात चहा पिताना मी हे आत्याला म्हटलं तर तिचे डोळे भरून आले. ही निवड ज्यांनी केली त्यांना मी मनापासून नमस्कार करते. दुसरा कुठलाही नट असता तर आवाज गेल्याचं दुःख आपण समजून घेतलं असतं, इथे ते आपलंच नुकसान वाटलं.

भांडण खाँसाहेबांवरून झालं.

दादाची बाजू आधी मांडते, कारण ती कच्ची नाही. तो म्हणतो, रंगमंचावर तिसरी रांगसुद्धा वीस-पंचवीस फुटांवर असते, कॅमेरा वीतभर अंतरावर येतो. खाँसाहेब वर्षानुवर्षं हरलेला माणूस आहे, लग्नाच्या वयाच्या मुलीचा बाप आहे. वसंतरावांचा जन्म १९२०चा, म्हणजे नाटक आलं तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. राहुलचा १९७९चा, म्हणजे चित्रपटाच्या वेळी छत्तीस. सचिनचा १९५७चा. कॅमेऱ्यासमोर कातडी खोटं बोलत नाही, दाढी चिकटवून वय येत नाही. आणि दुसरं म्हणजे, चित्रपटाच्या पूर्वार्धात खाँसाहेब गातात कमी आणि सोसतात जास्त. दर दसऱ्याला दरबारात जायचं, गायचं, आणि कट्यार पुन्हा दुसऱ्याच्या कमरेला बघून परत यायचं. चौदा वर्षं. हे सोसणं करायला नट लागतो.

या शेवटच्या मुद्द्यावर मला दादाशी भांडता येत नाही. सचिनना मी इतकी वर्षं हसऱ्या चेहऱ्याने बघितलंय, आणि इथे तो चेहरा असा आवळला गेलाय की गालाचं हाड वेगळं दिसतं. हार झाल्यावर ते मान खाली घालत नाहीत, उलट हनुवटी थोडी वर नेतात. अपमान गिळणारा माणूस तसंच करतो, माझ्या ओळखीच्या एका मोठ्या गवयाला मी तसं करताना पाहिलंय. उर्दू शब्द त्यांच्या तोंडी परके वाटत नाहीत. आणि ते स्वतः गाणारे असल्यामुळे शब्द ओठांवर चपखल बसतात, समेवर मान बरोबर पडते.

पण तान आली की माझी नजर खड्ड्याकडे जाते, आणि खड्डा हलत नाही.

यात त्यांचा दोष काहीच नाही. गाणं आधी ध्वनिमुद्रित होतं, चित्रीकरणाच्या वेळी ते लावतात आणि नट त्यावर ओठ हलवतो. ध्वनिमुद्रणात श्वास पुसतातही. नटाने मोठ्याने म्हटलं तरी पूर्ण ताकदीने कुणी म्हणत नाही, कारण तशी गरजच नसते. म्हणून राहुलच्या गळ्यातून जी तान निघते तिला लागणारी हवा सचिनच्या छातीत भरलेली दिसत नाही. तान आकाशातून येते, माणसातून येत नाही. इतर चित्रपटांत हे चालतं. नायक झाडामागून येऊन गायला लागतो तेव्हा त्याने श्वास घेतला का, असं मी कधी विचारलेलं नाही. पण या गोष्टीत गाणं हीच तलवार आहे, गाण्यावर माणूस जिंकतो नि हरतो. कुस्तीच्या चित्रपटात पैलवानाच्या अंगाला माती लागली पाहिजे, तशी इथे गाणाऱ्याला धाप लागली पाहिजे.

आमच्या गल्लीच्या टोकाला तंबोरे करणारे एक काका राहतात. मिरजेत सतारमेकर गल्ली आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. काका त्यांपैकीच एका जुन्या घरातले. त्यांनीही चित्रपट पाहिला होता. माझ्या पेटीचा भाता बदलायला चामडं हवं होतं म्हणून गेले असताना मी त्यांना विचारलं, "काका, तुम्हाला खाँसाहेब कसे वाटले?" ते एका भोपळ्यावर दांडी बसवत होते. म्हणाले, "भोपळा पंढरपूरकडचा. दांडी तुणीच्या लाकडाची. दोन्ही चांगले असले तरी तंबोरा चांगला होतो असं नाही. हा सांधा बघा." त्यांनी अंगठा फिरवून दाखवला. भोपळा आणि दांडी जिथे जुळतात त्या भागाला ते लोक गळाच म्हणतात. "तंबोरा पडला की इथेच तडकतो. सरस ओला असताना घाई केली की वरून दिसत नाही, पण तारा चढवल्या की ताण येतो आणि मग इथून कुई वाजतं." एवढं बोलून ते पुन्हा कामाला लागले. चित्रपटाबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. मी चामडं घेऊन घरी आले आणि त्या रात्री दादाला फोन करून हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे काका तुझ्या बाजूने." मला नाही तसं वाटत. काकांनी सांधा चुकला असं म्हटलं नव्हतं, तो कुठे बघायचा ते दाखवलं होतं.

झरीनाबद्दल घरात फारसा वाद नाही, तरी एक सांगायला हवं. अमृता खानविलकर म्हटलं की लोकांना 'नटरंग'मधली 'वाजले की बारा' आठवते, त्यामुळे निवड जाहीर झाली तेव्हा आमच्या भिशीतल्या बायकांनी नाकं मुरडली होती. मी मुरडलं नाही. नाचणाऱ्या बाईला अंग आवरायचं कसं हेही माहीत असतं, आणि झरीनाचं सगळं आवरलेलंच आहे. बाप जे गाणं तिला शिकवत नाही ते ती ऐकून ऐकून उचलते. फैयाजबाईंची 'लागी कलेजवा कटार' ज्यांच्या कानात आहे त्यांचं समाधान कुठलीच झरीना करू शकणार नाही, तो विषय वेगळा.

आत्याने सुबोध भावेंनाही सोडलं नव्हतं. सदाशिव महेश काळेंनी स्वतः का केला नाही, नाटकात तर केला होता! यावर दादाने जे उत्तर दिलं त्याने आत्या थोडी गप्प झाली. तो म्हणाला, "आत्या, २०११ला 'बालगंधर्व' तू दोनदा पाहिलास. चेहरा सुबोधचाच, गळा आनंद भाट्यांचा. तेव्हा का नाही बोललीस?" खरंच, तेव्हा आमच्यापैकी कुणीच बोललं नव्हतं. भाट्यांना त्या गायनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पुढे 'अरुणि किरणी'साठी महेश काळेंनाही मिळाला. दोन्ही वेळा पडद्यावर ओठ सुबोधचे.

मी यावर बरेच दिवस विचार केला. मला वाटतं, बालगंधर्वांना प्रत्यक्ष पाहिलेलं आमच्या घरात कुणी उरलं नव्हतं. जुन्या तबकड्यांवरचा आवाज आणि फोटोतला चेहरा, दोन्ही आधीच वेगळे झालेले. ते कुणी जोडून दिले याचाच आनंद झाला. वसंतराव मात्र आत्याच्या डोळ्यांत अजून अख्खे आहेत. मान, हात, घाम, आवाज, सगळं एकत्र. अख्खी वस्तू पाहिलेल्या माणसाला तिचे दोन तुकडे दाखवले तर तो कळवळणारच.

आणि हा वाद काही आजचा नाही. कुणी कुठली भूमिका करावी यावरून मराठी माणूस शंभर वर्षं तरी भांडतोय. नाना सांगायचे, बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी आणि केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श या दोन कंपन्यांचे चाहते एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत. आणि मग जुलै १९२१मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत संयुक्त 'मानापमान' झालं, केशवराव नायक धैर्यधर आणि बालगंधर्व नायिका भामिनी. म्हणजे चाहत्यांनी मनातल्या मनात केलेली पात्रयोजना एका रात्री खरी झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. नानांचा जन्म त्यानंतरचा, त्यांनी हे त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं, पण सांगताना त्यांचा आवाज असा व्हायचा जसं काही ते स्वतः पिटात बसले होते. २०२५च्या जानेवारीत 'संगीत मानापमान' चित्रपट आला, पुन्हा सुबोध भावे, या वेळी धैर्यधर, आणि भामिनी वैदेही परशुरामी. तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन दिवस दुसरं काहीही आलं नाही. तो सगळा वाद इथे घेत नाही, त्यावर लिहायचं तर नाना हवे होते.

माझ्या भाचीचं म्हणणं मात्र इथे यायलाच हवं. 'कट्यार' आला तेव्हा ती सहा वर्षांची होती. मांडीवर बसून तिने तो पाहिला आणि घरी येऊन 'सूर निरागस हो' म्हणायला लागली. आता ती सोळा वर्षांची आहे, गाणं शिकते, काळी दोनच्या पट्टीत गाते. ती म्हणते, "मावशी, मला वसंतरावांपर्यंत सचिननीच नेलं ना? मी आधी हा खाँसाहेब पाहिला, मग राहुलदादाचं नाटक यूट्यूबवर पाहिलं, मग वसंतरावांचं रेकॉर्डिंग ऐकलं. तुम्ही वरून खाली आलात, मी खालून वर गेले." हे ऐकून मला बरं वाटलं. ओळखीचे चेहरे नसते तर आमच्या शेजारच्या रांगेतली ती कॉलेजची पोरं नाट्यगीत ऐकायला आली नसती, हेही मान्य. पण 'घेई छंद मकरंद'च्या दोन चाली आहेत, एक पंडितजींची संथ आणि एक खाँसाहेबांची उसळती, आणि त्या दोन चालींमधून दोन माणसांचे स्वभाव कळतात, हे तिला कुणीतरी पेटीवर बसून दाखवावं लागलंच. ते मी दाखवलं. सालगवराळी रागाचे सूर धरून मी ती दुसरी चाल वाजवली तेव्हा ती म्हणाली, "हा माणूस भांडतोय." अगदी बरोबर. अभिषेकीबुवा मूळचे गोव्यातल्या मंगेशीचे, देवळातल्या भजनावर वाढलेले. त्यांनी भांडणारी चाल अशी बांधली की ती गाणारा माणूस निम्म्यात दमला पाहिजे आणि तरीही थांबता कामा नये.

तर माझं मत. मी राहुलना घेतलं असतं. छत्तीस वर्षांचे असले तरी, दाढी चिकटवावी लागली असती तरी. २०२२ला 'मी वसंतराव' आला आणि त्यात राहुल स्वतः आपल्या आजोबांच्या भूमिकेत पडद्यावर गायले, तेव्हा मी चित्रपटगृहात दादाचा हात दाबून म्हटलं, "बघ, गळ्याकडे बघ." त्या गायनासाठी त्यांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कॅमेरा जवळ आला होता आणि काही बिघडलं नव्हतं. दादाचं म्हणणं असं की २०१५ला हे कुणाला माहीत होतं? पैसे घालणारा माणूस असा धोका कसा पत्करेल? त्याचंही बरोबर असेल. मी पैसे घालणारी नाही, मी भाता भरणारी आहे. मला विचाराल तर मी हेच सांगेन.

मागच्या दिवाळीत आत्या आमच्याकडे आली होती. आता ती सत्त्याहत्तरची आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दिसतं छान. दुपारी टीव्हीवर 'कट्यार' लागला. मी बदलायला गेले तर म्हणाली, "राहू दे." 'सुरत पिया की' आलं. खाँसाहेब आणि सदाशिव, राहुल आणि महेशचे आवाज, सचिन आणि सुबोधचे चेहरे. दोन मिनिटं बघितल्यावर आत्या म्हणाली, "आवाज बंद कर."

मला वाटलं, रागावली. मी आवाज बंद केला. खोलीत एकदम शांत झालं, बाहेर कुणाचा तरी प्रेशर कुकर वाजत होता. पडद्यावर सचिनचा चेहरा होता, ओठ हलत होते. आत्या खुर्चीत पुढे झुकून एकटक बघत राहिली. भाची काहीतरी बोलणार होती, मी तिला खुणेने थांबवलं. बऱ्याच वेळाने आत्या म्हणाली, "हा माणूस हरलाय. आतून हरलाय. हे मी तेव्हा बघितलंच नव्हतं."

मग तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. "आता लाव."

मी आवाज लावला. राहुलची तान सुरू होती. आत्याचा हात खुर्चीच्या दांडीवर ठेका धरत होता, मान हळूहळू हलत होती. सम आली तशी तिची बोटं थांबली. "आणि हा जिंकतोय," ती म्हणाली. "वसंतराव एकाच वेळी दोन्ही करायचे गं. जिंकत असायचे आणि हरलेले असायचे. एकाच गळ्यात."

मी काही बोलले नाही. दहा वर्षं मला जे धड मांडता येत नव्हतं ते तिने सांगून टाकलं होतं. पडद्यावर जिंकणं एकाकडे गेलं होतं आणि हरणं दुसऱ्याकडे, आणि मी नुसती श्वास शोधत बसले होते.

भाचीने विचारलं, "मग आत्याआजी, सचिन चुकीचे की बरोबर?"

आत्याने चष्मा पुसला, लावला, आणि रिमोटकडे हात केला. "मागे घे जरा. या वेळी डोळे उघडे ठेवून ऐकते."